दर शनिवारी एक बिघाड

हातात चौदा नंबरचा बिल्ला, मांडीवर मिक्सर आणि छत्रीचं पाणी थेट बुटात… अशा थाटात ती परक्या देशातल्या वाचनालयाच्या तळमजल्यावर बसली होती, तेव्हा प्रेमबीम तिच्या डोक्यातही नव्हतं. अर्धा तास कोणीही "अगं, जरा इकडे ये" म्हणू नये, एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

वाचनालयात दर शनिवारी अकरा ते एक दुरुस्तीची टेबलं लागायची. हौशी माणसं लोकांच्या बिघडलेल्या वस्तू नीट करून द्यायची. नियम एकच होता. वस्तू टाकून निघून जायचं नाही, मालकाने शेजारच्या खुर्चीत बसायचं. काम त्या दिवशी झालंच नाही तर एक कार्ड भरायचं, त्यावर परत देण्याची तारीख घालायची आणि वस्तू ठेवून घ्यायची.

चौदा नंबर पुकारला गेला. टेबलामागे एक दाढीवाला होता. त्याने मिक्सर आडवा केला आणि त्याला तळाशी चिकटवलेली पांढरी पट्टी दिसली.

"गती तीनवर धूर," त्याने स्वच्छ मराठीत वाचलं. "वास जळक्या रबराचा. दहा सेकंदांनी आपोआप बंद. दोनदा तपासलं."

ती चपापली. ती पट्टी तिने स्वतःसाठी लिहिली होती. "तुम्हाला… वाचता येतं?"

"लहानपणी मार खाऊन शिकलोय." त्याने मान वर केली नाही. "दवाखान्यात पेशंटसुद्धा इतकं नीट सांगत नाहीत."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"डॉक्टरांची यंत्रं दुरुस्त करतो. सोमवार ते शुक्रवार. दोनदा का तपासलं?"

"एकदा झालेलं चुकूनही झालेलं असू शकतं."

आता त्याने मान वर केली. "मग तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा आईने मिक्सर हिसकावून घेतला."

तो हसला. हसू आधी डोळ्यांत आलं, मग दाढीत शिरलं आणि तिथेच राहिलं. धूर मोटरचा होता, पण देशी प्लग इथल्या भिंतीत बसवायला लावलेली जोडणीही तापत होती. त्याने मिक्सरचा घरचा प्लग कापला आणि इथला बसवला. बसवता बसवता उघडून दाखवलाही. "हा बघा, फ्यूज. शेंगदाण्याएवढा. वस्तू अचानक मेली तर आधी प्लग उघडून हा बघायचा."

"आणि हा जुना प्लग?"

"ठेवतो माझ्याकडे. परत जाताना लागेल ना?"

"लागेल. अजून किती वेळ?"

"बघू," तो म्हणाला.

हे "बघू" पुढे नऊ महिने कान किटेपर्यंत ऐकावं लागणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर ती तिथूनच उठली असती. निदान असं ती स्वतःला सांगायची.

मायदेशी ती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे, ठरल्या दिवशी उगवलेले मोजायचे, अहवाल लिहायचा. वहिनीला जुळी होणार आहेत आणि तिला अंथरुणावरून उठायची मनाई आहे असा दादाचा फोन आला, तेव्हा आई, बाबा आणि ती चार महिन्यांसाठी म्हणून इकडे दादाकडे निघाले. त्या चाराचे दहा झाले. तिची रजा आधी हक्काची होती, मग अर्धपगारी, मग बिनपगारी.

घरात मोठी माणसं पाच, बाळं दोन, न्हाणीघर एक. दादाने फ्रिजवर कामांचा तक्ता लावला होता आणि त्यात प्रत्येकाला एक रंग दिला होता. तिचा रंग जांभळा. पहिल्या आठवड्यात तक्त्यावर पाचही रंग होते. तिसऱ्या महिन्यापर्यंत तो वांग्याच्या शेतासारखा दिसायला लागला.

"दादा, हे सगळं जांभळंच का?"

"अगं मोजपट्टी, तुझ्याइतकं काटेकोर कोण करणार?" दादा तिला लहानपणापासून मोजपट्टी म्हणायचा आणि त्यालाच कौतुक समजायचा.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळ्या तारांवर आपलाच हक्क आहे अशी त्यांची ठाम समजूत. आल्या आल्या त्यांनी टोस्टर उघडला आणि अख्ख्या मजल्यावर अंधार पाडला. त्यानंतर आईने त्यांचा स्क्रूड्रायव्हर लपवला, तो कुठे हे ती स्वतःच विसरली आणि दर दोन दिवसांनी त्यावरून नव्याने जुंपायची. वहिनी बिचारी गोड होती, पण बाळं झोपली की कुजबुजत हाक मारायची आणि कुजबूज ऐकू आली नाही की रुसायची.

अशा घरात शनिवारचे ते दोन तास म्हणजे श्वास होता. आणि घरातल्या वस्तूंनी साथही दिली. इस्त्री, टेबलावरचा दिवा, बाटल्या उकळायचं भांडं, एकामागून एक सगळं बिघडलं. प्रत्येक वस्तूवर ती पट्टी लावायची, शेजारच्या खुर्चीत बसायची. तो काम करायचा. कधी बोलायचा, बहुतेक वेळा नाही.

"तुमच्या प्रयोगशाळेत सगळे दाणे उगवतात?" एकदा त्याने विचारलं होतं.

"नाही. काही मेलेले असतात. काही… कठीण."

"कठीण म्हणजे?"

"जिवंत असतात, पण साल पाणीच आत घेत नाही. बाकीचे कोंब काढून मोकळे होतात आणि हे ढिम्म. अहवालात त्यांना वेगळा रकाना असतो."

"मग त्यांचं काय करता?"

"सालीवर जरासं खरवडावं लागतं."

त्याने इस्त्रीचा तळ खरवडता खरवडता तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहायला लागली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, सायकली भिजत होत्या.

पाचव्या महिन्यात आपत्ती आली. घरातली प्रत्येक वस्तू उत्तम चालायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी ती इस्त्रीसमोर उभी राहिली. शास्त्र शिकलेली, सरळ वागणारी, निरीक्षणात एक दाणाही इकडचा तिकडे न केलेली बाई. चार मिनिटं ती तशीच उभी होती. मग नखं कापायच्या संचातल्या कानशीच्या टोकाने तिने प्लग उघडला, शेंगदाण्याएवढा तो तुकडा काढून चष्म्याच्या डबीत टाकला आणि पट्टीवर लिहिलं, "अचानक बंद. कारण कळत नाही."

तिची पहिली खोटी नोंद. अक्षर मात्र चांगलं आलं होतं.

इस्त्री पाहून तो म्हणाला, "बघू." मग प्लगला हात न लावता त्याने आख्खी इस्त्री सुटी केली, पुसली, पुन्हा जोडली. पाऊण तास लागला. सगळ्यात शेवटी प्लग उघडला, नवा फ्यूज घातला आणि काहीही बोलला नाही.

काहीही नाही! डबीत एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. दर वेळी तोच पाऊण तास, तेच "बघू". तिला वाटायचं, या माणसाला कळलं असेल तर हा बोलत का नाही? आणि कळलं नसेल तर हा दवाखान्यातली यंत्रं कशी काय दुरुस्त करतो? शनिवारी दुपारी ती चिडून घरी यायची आणि रविवारपासून पुढच्या शनिवारची वाट पाहायची. हे निरीक्षणही तिने दोनदा नाही, निदान वीसदा तपासलं होतं. निष्कर्ष बदलत नव्हता.

आणि आता शेवटचा आठवडा. विमान रविवारी दुपारी. मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेत हजर व्हायचं, नाहीतर नोकरी गेली.

घरात बॅगांचा बाजार मांडला होता. आई बॅगेत भरायची, बाबा "वजन जास्त" म्हणून काढायचे, आई तेच दुसऱ्या बॅगेत भरायची. दादाने फ्रिजवरचा तक्ता काढला. मागे पांढरा चौकोन उरला, बाकीच्या दारापेक्षा उजळ. ती त्याच्याकडे नको इतका वेळ पाहत राहिली. दहा महिने तिने या तक्त्याला शिव्या घातल्या होत्या. मोठ्याचं दूध सहाला, अकरा मिनिटांनी धाकटी असलेल्या छोटीचं सव्वासहाला, मग बाबांच्या गोळ्या, मग वहिनीचे केस. आता सोमवारी सहा वाजता मोठा रडेल, तेव्हा ती कुठेतरी ढगात असेल. छोटीला आता पाच-सहा शब्द कळत होते आणि त्यातला एक होता 'आत्या'. ही चीड मागे राहून गेली तर मी घेऊन काय जाणार, असं काहीतरी विचित्र तिच्या मनात आलं.

"अगं, जरा इकडे ये!" आईची हाक आली आणि विचार तिथेच संपला.

शुक्रवारी सकाळी जुन्या बॅगेच्या चोरकप्प्यात बाबांचा स्क्रूड्रायव्हर सापडला. बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तो हातात येताच त्यांनी समोर दिसलेली पहिली वस्तू उघडली. ती वस्तू होती मिक्सर, म्हणजे त्याचा प्लग. तिने तो गुरुवारीच रिकामा करून ठेवला होता.

"यात फ्यूज नाही!" बाबा गरजले. "कोणीतरी काढून घेतलाय! ही वस्तू त्या शनिवारवाल्याकडे गेली होती ना?"

"बाबा—" ती म्हणाली.

"थांब तू. इस्त्री तीनदा गेली. दिवा दोनदा. दर वेळी हा नीट करतो, काही दिवसांनी परत बंद. दादा, समजतंय का तुला? हा माणूस फ्यूज चोरतो!"

"शेंगदाण्याएवढा फ्यूज चोरून तो करणार काय?" वहिनीने कुजबुजत विचारलं.

"सवय! काही लोकांना सवयच असते. उद्या मी स्वतः येणार. तक्रार नोंदवणार."

"बाबा, ऐका तरी, ते फ्यूज—"

छोटी रडली. ते ऐकून मोठा रडला. आईने बाबांना, बाबांनी दादाला, दादाने तिला बाटली आणायला सांगितलं. दिवसभरात तिने चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा तिच्या हातात काहीतरी धुवायला दिलं गेलं. पण खरं सांगायचं तर पाचव्यांदा, संध्याकाळी, बाबा गॅलरीत एकटे होते. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. त्या एका फेरीमुळे तिला स्वतःचाच राग आला.

शनिवारी अख्खी वरात वाचनालयात पोचली. पुढे बाबा, काखेत मिक्सर. मागे दादा, जुळ्यांची गाडी ढकलत. मग आई, कारण बाबांना एकटं सोडायचं नाही. वहिनी तेवढी झोपायला घरी राहिली. सगळ्यात शेवटी ती, चष्म्याची डबी मुठीत घट्ट धरून.

तो नेहमीच्या टेबलामागे होता. एवढी माणसं पाहून उठून उभा राहिला. आज त्याने दाढी नीट कापली होती. ते पाहून तिला उगाचच जास्त राग आला.

"नमस्कार," तो म्हणाला.

"नमस्कार राहू दे," बाबांनी मिक्सर आदळला. "यातला फ्यूज कुठे गेला? आणि इस्त्रीतला? आणि दिव्यातला? दादा, त्या बिल्लेवाल्या बाईला सांग, तक्रारवही आण म्हणावं."

दादाने कसनुसं तोंड करून भाषांतर केलं. बिल्ले देणारी बाई वही घेऊन आली. तिचा चेहरा गंभीर झाला होता. चोरीची तक्रार असेल तर चौकशी होईपर्यंत या माणसाला टेबलावर बसता येणार नाही, ती म्हणाली. आसपासच्या टेबलांवरचे हात थांबले.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. फार नाही, स्क्रूचा अर्धा फेरा होईल एवढंच. मग तो बाबांना म्हणाला, "काका, माझीच चूक असणार. बसवायचे राहून गेले असतील. तुम्ही लिहा."

तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"गप्प बसा हो तुम्ही!" ती ओरडली. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षांत तिचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. "जेव्हा बोलायचं तेव्हा बोलायचं नाही, आणि आता हे! बाबा, ती वही मिटा. मी काढले."

"काय काढलं?"

तिने चष्म्याची डबी उघडून टेबलावर उपडी केली. सात फ्यूज टणटण करत मिक्सरभोवती घरंगळले.

"तू?" बाबा म्हणाले. "पण… का?"

सगळं वाचनालय थांबलं होतं. ज्यांना भाषा कळत नव्हती, त्यांनाही एव्हाना सगळं कळलं होतं.

"का म्हणजे काय," आईने शांतपणे पदराने छोटीची लाळ पुसली. "मिक्सर दुरुस्त करायला कोणी दोनदा केस विंचरून जातं का? मला चौथ्या महिन्यापासून माहीत आहे."

"आणि तू बोलली नाहीस?" बाबा आणि ती, दोघं एकदमच म्हणाले.

"या घरात मला कोणी बोलू देतं?" आई म्हणाली. "चला आता तिकडे, वर्तमानपत्रं वाचा. दादा, गाडी वळव. आणि तो स्क्रूड्रायव्हर इकडे द्या."

वरात वर्तमानपत्रांकडे गेली. बाबांनी पेपर उलटा धरला. ती शेजारच्या खुर्चीत बसली, कारण नियम तसा होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती टेबलाकडे पाहत म्हणाली.

"पहिल्या रिकाम्या प्लगपासून. फ्यूज उडतो, गायब होत नाही."

"मग पाऊण तास कसली दुरुस्ती करत होतात?"

"एका मिनिटात झाली असती तर तुम्ही उठून गेला असता."

"आणि म्हणून तोंडातून एक शब्द काढला नाहीत? नऊ महिने?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, परत जाणार. जाणाऱ्या माणसाला काय…" तो थांबला. "आणि तुम्ही जे लिहून आणायचात तेच मी बघायचो. तसं काही कधी लिहिलेलं नव्हतं."

त्याने सुटे फ्यूज ठेवायला हत्यारांची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला, ओळीने, पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. गती तीनवर धूर. दिवा लुकलुकतो, दर चार सेकंदांनी. अचानक बंद, कारण कळत नाही. अचानक बंद, कारण कळत नाही. अचानक बंद…

ती बराच वेळ वाचत राहिली. स्वतःचंच अक्षर, पण आता ते दुसऱ्या कोणाचं वाटत होतं.

"मी उद्या जातेय," शेवटी ती म्हणाली. "थांबणार नाही. मंगळवारी कामावर हजर व्हायचंय. ते काम मला आवडतं."

"माहीत आहे. थांबा म्हणणारही नाही."

"मग काय म्हणणार आहात? आणि बघू म्हणालात तर हा मिक्सर डोक्यात घालीन."

त्याने ओठापर्यंत आलेला शब्द गिळला, ते तिला स्पष्ट दिसलं. मग त्याने ड्रॉवरमधून कार्ड काढलं. वस्तू ठेवून घेतात तेव्हा भरायचं ते. नऊ महिन्यांत तिच्यासाठी एकदाही भरावं लागलं नव्हतं. परत देण्याच्या तारखेसमोर त्याने तारीख लिहिली. अडीच महिन्यांनंतरची. खाली पत्ता म्हणून तिच्या प्रयोगशाळेचं नाव.

"हे काय आहे?"

"रजा. सहा आठवड्यांची. आई-वडिलांकडे जायचंच होतं. तिथून तुमची प्रयोगशाळा एका रात्रीच्या प्रवासावर आहे."

"रजा मंजूर झालीय?"

"दीड महिन्यापूर्वी."

"दीड महि—" तिने डोळे मिटले, आतल्या आत पाचपर्यंत मोजलं. "आणि हे मला केव्हा सांगणार होतात?"

"आज. म्हणून दाढी कापली. पण आधी काका आले." तो पेन तिच्या पुढे सरकवत म्हणाला, हळूच, जरा अडखळत, "बिघाडाचा रकाना… तू भर."

तू. तिने पेन घेतलं. बोटांना बोटं लागली आणि कोणीच घाई केली नाही. बिघाड या शब्दापुढे तिने नेहमीच्या नीट अक्षरात लिहिलं, "काही नाही. तरी आणला."

"झालं का गं?" लांबून आईचा आवाज आला आणि पाठोपाठ आईसुद्धा. "मिक्सरला आपला प्लग बसवला का? बॅगेत तळाशी जायचाय तो."

तो गडबडला. मग अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "काकू, जुना प्लग नेमका घरी राहिला. आज होणार नाही. पण मी अडीच महिन्यांनी तिकडे येणारच आहे, तेव्हा बसवून आणून देतो."

"अडीच महिने मी मिक्सरशिवाय करू काय?"

"आई!"

"बरं बाई, बरं. पाट्यावर वाटीन."

आई वळली. ती मात्र त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहत राहिली. तिथून जुन्या प्लगच्या पितळी पिना डोकावत होत्या, चांगल्या घासून चकचकीत केलेल्या. त्याने तिची नजर ओळखली आणि खिशावर हात ठेवला. पहिली खोटी नोंद. कान लाल झाले होते, पण चेहरा चांगला जमला होता.

घरी परतताना दादा गाडी ढकलत होता, मोठा झोपला होता, छोटी तिच्या खांद्यावरून मागे, वाचनालयाच्या दाराकडे हात हलवत होती. पहिला चौक ओलांडेपर्यंत बाबांनी रिकामी काख दोनदा चाचपली.

"माणूस वाईट नाही," मग ते म्हणाले. "पण वेंधळा दिसतो. एवढासा प्लग घरी विसरला! मिक्सर वेळेवर आणेल का तो?"

तिने छोटीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बघू," ती म्हणाली.